कानाच्या पाळीतली गाठ

आमच्या मोर्शीकडे संत्र्याचं झाड दोन माणसं मिळून घडवतात. एक चाकू चालवतो, दुसरी पट्टी बांधते. जंबेरीचं, म्हणजे काटेरी रानलिंबाचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की चाकूवाला त्याच्या सालीला उभी-आडवी चीर देतो आणि साल हलकेच दोन्हीकडे उचलतो. मग चांगल्या संत्र्याच्या काडीवरून कापलेला डोळा त्या सालीखाली सरकवतो. डोळा म्हणजे फांदीवरचा तो फुगीर ठिपका, ज्यातून पुढे नवी फांदी निघते. मागून येणारी बाई त्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळते. आत हवा जाऊ नये, पाणी जाऊ नये, आणि रोपाचा गळाही आवळू नये, अशी. तीन आठवडे त्या पट्टीला कोणी हात लावत नाही. मग ती सोडतात. डोळा हिरवा असला तर लागला म्हणायचं. काळा पडला असला तर पुन्हा पहिल्यापासून.

खुशालराव चाकूवाले आणि लीलाबाई पट्टीवाली, अशी या नवरा-बायकोची जोडी बत्तीस हंगामांची. भगवंतरावांच्या नर्सरीत रोपांच्या ओळी नाल्यापर्यंत जातात. त्या ओळींतून ही दोघं वाकून पुढे सरकत असली की दुरून पाहणाऱ्याला चार पायांचं एकच जनावर चरत चालल्यासारखं वाटे. खुशालराव डोळा भरून पुढच्या रोपावर जात आणि त्यांची दुसरी चीर पडायच्या आत पहिल्या रोपाची पट्टी बसलेली असे. बोलणं फारसं नसायचं. पट्टीचं टोक खोचताना बारीक चर्र आवाज येतो, तेवढ्या आवाजावर दोघांचा दिवस चाले.

यंदा मार्गशीर्ष लागला आणि तो आवाज वेळेवर येईना.

"काहून व, थांबली काहून?" खुशालराव मागे न पाहता विचारायचे.

"कोठं थांबली. बांधून राहिली ना."

ती बांधत नसायची. डाव्या हातात पट्टी तशीच लोंबत असायची आणि उजवा हात पदराखालून कानाकडे गेलेला असायचा. उजव्या कानाच्या पाळीत, अगदी मधोमध, एक गोल गाठ होती. ती अंगठ्याखाली घेतली की इकडून तिकडे सरकायची. लीलाबाई ती सरकवायची, दाबायची, सोडायची. पुन्हा दोन रोपं बांधून झाली की हात परत तिथेच. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखण्याला निदान काही म्हणता येतं. हे नुसतं होतं, आणि वाढत होतं.

या कानाची गोष्ट तीस वर्षं मागची.

लीलाबाईचं माहेर बार्शीटाकळीचं. लग्नात तिच्या आईने, दुर्गाबाईंनी, स्वतःच्या कानातले सोन्याचे काप काढून लेकीच्या कानात घातले होते. चांगले वजनदार, पानाच्या आकाराचे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी लीलाबाई याच नर्सरीत वाकून पट्टी बांधत होती. जंबेरीला लांब, सरळ काटे असतात. एक काटा कापाच्या कडीत कधी शिरला ते तिला कळलं नाही. पुढून खुशालरावांनी हाक मारली आणि ती झटक्यात उभी राहिली. पाळी खालपर्यंत फाटली. तिने आधी मातीतून काप शोधून काढला, पदराने पुसला, आणि मग कानाला हात लावला.

जखम भरली, पण पाळी जुळली नाही. चिमणीच्या पिल्लाने चोच उघडावी तशी ती कायमची उघडी राहिली. लीलाबाई त्या बाजूचे केस सैल सोडून कानावरून न्यायला शिकली. काप डब्यात गेले.

आईला मात्र तिने हे सांगितलं नाही. आपल्या आईने कानातून उतरवून दिलेली वस्तू तीन वर्षंही अंगावर टिकवता आली नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आता दुर्गाबाईंची एक सवय होती. लेक माहेरी आली की उंबऱ्यातच तिला थांबवायच्या, दोन्ही तळवे तिच्या गालांवरून, कानांवरून फिरवायच्या आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडून दृष्ट काढायच्या. लीलाबाई मान वळवून डावा गाल पुढे करायची. उजव्या गालाकडे हात आला की खाली वाकून पायाच पडायची. "काप कोठं?" असं विचारलं की उत्तर तयार असे, "घरी ठेवले, मा. एसटीत चोऱ्या लय होऊन राहिल्या." अशी तीस वर्षं गेली. एसटीतल्या चोरांनीही इतकी वर्षं कोणाला साथ दिली नसेल.

खुशालरावांना सासुरवाडीला जायचा कंटाळा येई. दुर्गाबाई जावयाशी कधी सरळ बोलल्या नाहीत. चहा ठेवायच्या तो कप जमिनीवर आदळल्यासारखा. नजरेला नजर द्यायच्या नाहीत. खुशालरावांना वाटे, आपल्याला जमीन नाही, दुसऱ्याच्या वाफ्यात चाकू चालवतो म्हणून असेल. त्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं आणि बायकोला कधी म्हटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दुर्गाबाईंचे डोळे गेले. तेव्हापासून त्या हातांनीच बघतात. फोनवर एकच धोशा लावला. "लीले, एक डाव दोन्ही काप घालून ये. मले हातानं पाहू दे. मंग मी जाईन तिकडे जायचं त."

ही गोष्ट लीलाबाईची मुलगी आचल हिच्या कानावर गेली. आचल अमरावतीला एका कातडीच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, पेशंटची नावं लिहून घेते. तिथे डाग घालवायला, मस काढायला, चेहरा उजळवायला माणसं येतात. आचल म्हणाली, "आई, अर्ध्या तासाचं काम आहे. निधी मॅडम कान शिवून देतात. तुझ्यासारख्या किती तर बाया येतात."

होळी झाल्यावर लीलाबाईने कान शिवून घेतला. गावात हसू झालं. पाण्यावरच्या बाया म्हणाल्या, "नातू मांडीवर घ्यायच्या वयात लीलाबाई नवरी होऊन राहिली." ती म्हणाली, "व्हतो. तुमाले अक्षदा टाकाले बलावतो." पण मनातून ती सुखावली होती. टाके निघाल्यावर तिने तीस वर्षांनी पहिल्यांदा केस घट्ट मागे ओढून बांधले. दोन्ही कान बाहेर. रस्त्याने जाताना उजव्या बाजूने वारा लागतो, हे ती जणू विसरूनच गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शिवणीवर नाही, जरा बाजूला नवं भोक पाडू, पण घाई नको, पाळी नीट मुरू दे. मग आचलच्या सुट्टीचा आणि नर्सरीच्या कामाचा मेळ घालता घालता ठरलं, दिवाळीच्या आधी भोक आणि भाऊबीजेला काप घालून बार्शीटाकळी.

पोळ्याच्या सुमारास शिवणीखाली मोहरीएवढं काही लागलं. दसऱ्याला ते हरभऱ्याएवढं झालं.

त्यानंतर लीलाबाईला गमेना. आमच्याकडे हा शब्द फार कामाचा आहे. दुखत नाही, भूक लागते, झोप येते, पण गमत नाही. ती घासलेली भांडी पुन्हा घासायला बसायची. बादली न घेताच नळावर जायची आणि तिथून हात हलवत परत यायची. भिंतीवरच्या आरशापुढे उभी राहायची आणि कान न पाहताच बाजूला व्हायची. तिची थोरली बहीण अकोल्याच्या दवाखान्यात गाठीनेच गेली होती. तिचीही सुरुवात अशीच, न दुखणाऱ्या दाण्याने झाली होती. आचलला सांगावं तर पोरगी त्या दवाखान्यात दिवसभर बसते, तिने आपल्या जबाबदारीवर आईला नेलं, तिची मान खाली जाईल. बायांना कळलं तर नवरीची वरात निघेल. आणि खुशालराव? ते म्हणतील, कशाला शिवला.

भोक पाडायची तारीख तिने टाळली. भाऊबीजेला भाऊ वामनराव याचा फोन आला तेव्हा गुडघे दुखतात म्हणाली. फोन दुर्गाबाईंनी ओढून घेतला.

"गुडघे दुखतात त बसून ये. एसटीत उभी राहून येतं काय कोणी?"

"नाही मा, लयच दुखतात."

"बरं," दुर्गाबाई म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "घरी सबन ठीक हाय ना?"

"हो."

"ठीक नसलं त सांगजो."

हे आई का विचारते, याचा लीलाबाईने विचार केला नाही. तिचा अंगठा तेव्हा गाठीवर होता.

मार्गशीर्षाच्या शेवटी पहिल्या ओळींच्या पट्ट्या सोडल्या. दरवर्षी शंभरातले पाच-सात डोळे काळे पडतात. यंदा पाव भाग गेला होता. भगवंतराव भला माणूस, ओरडला नाही. एक काळा डोळा नखाने उकरून पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, पट्टी सैल पडून राहिली. पानी गेलं आत." एवढं बोलून तो विहिरीकडे निघून गेला. बत्तीस हंगामांत लीलाबाईच्या पट्टीला हे कोणी म्हटलं नव्हतं. ती ओळीतून उठली, मेढीला टेकून बसली आणि खुशालरावांना म्हणाली, "इकडे या. हात आना."

खुशालरावांनी चाकू मिटवला. तिने त्यांचा अंगठा धरून पाळीवर ठेवला.

नवा डोळा लागला की नाही हे ते ज्या अंगठ्याने तपासत, त्याच अंगठ्याने त्यांनी गाठ तपासली. हलकेच दाबली, सोडली, कडेकडेने फिरवली.

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

"आन मले आता सांगून राहिली?"

"सांगून काय केलं असतं तुमी?"

खुशालरावांनी गाठ अंगठ्याखाली पुन्हा एकदा फिरवली. मग म्हणाले, "आत काईतरी राहिलं हाय. आन ते जित्तं हाय. मेलेलं वाढत नाही."

इथपर्यंत ते बरोबर होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढची चूक अडाणीपणाची नव्हती. दोघंही आपल्या कामात पक्के होते, आणि चूक त्या पक्केपणातूनच आली.

"पोरीच्या दवाखान्यात जाऊ," ते म्हणाले.

"नाही. आचलले नाही सांगायचं. तुमीच काढा."

"म्या?"

"तुमचा हात हलत नाही. त्या मॅडमचा हलत असन, तुमचा नाही हलत. चीर द्या आन काढून टाका जे हाय ते."

आपल्या हाताची अशी तारीफ खुशालरावांनी बायकोच्या तोंडून बत्तीस वर्षांत ऐकली नव्हती. त्यांनी चहाच्या गंजात पाणी उकळलं, त्यात चाकू ठेवला. भर दुपारी, उजेड चांगला होता. लीलाबाई आंब्याच्या मुळीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि पदराचा बोळा दातात धरला. त्यांनी पाळीच्या मागच्या बाजूला, दिसू नये अशा जागी, गव्हाएवढी चीर दिली. हात खरोखरच हलला नाही. दाबल्यावर आतून भिजल्या पिठासारखं पांढरं काही निघालं, दोरीसारखं वळत. त्याला आंबूस, कुजका वास होता. रक्त येईपर्यंत त्यांनी दाबलं. पाळी सपाट झाली.

"निघालं," ते म्हणाले, आणि मगच त्यांच्या कपाळावर घाम आला.

लीलाबाई उठून बसली. त्यांचा मोबाईल आरशासारखा समोर धरला. कमरेची पट्ट्यांची गुंडी सोडली, त्यातली एक स्वच्छ पट्टी काढली आणि पाळीभोवती गुंडाळली. मागून पुढे, पुढून मागे, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. हवा जाऊ नये, पाणी जाऊ नये. टोक खोचलं तेव्हा तोच बारीक चर्र आवाज झाला.

"झाक बांधली," खुशालराव म्हणाले.

त्या दिवशी राहिलेली ओळ दोघांनी जुन्या वेगाने संपवली.

पट्टी मधेच उघडायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. दोघांनी तो पाळला. दुसऱ्या दिवशी कान ठणकू लागला तेव्हा लीलाबाई म्हणाली, जखम आहे, ठणकणारच. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि जबड्याखाली सूज आली. चौथ्या दिवशी सकाळी तिला मान फिरवता येईना, तेव्हा खुशालरावांनी पट्टी कापली. वास आधी आला, मग पू. आतली कातडी वाफेत शिजल्यासारखी पांढरी झाली होती आणि पाळी टमाट्यासारखी लाल. ती सोडलेली पट्टी हातात घेऊन खुशालराव खाटेवर बसून राहिले.

"सैल नव्हती पडली," लीलाबाई म्हणाली.

"नाही पडली," ते म्हणाले. "बह्याड हावो आपन. येडे."

सकाळच्या गाडीने अमरावती. दवाखान्याच्या काउंटरवर आचल कोणाचा तरी फोन घेत होती. डोक्यावरून पदर गच्च ओढलेल्या आईला आणि मागे चोरासारख्या उभ्या असलेल्या बापाला पाहून तिने फोन ठेवला. आईचा पदर बाजूला केला.

"हे कोणी कापलं?"

खुशालराव भिंतीवरचा मलमाचा फोटो पाहू लागले.

"बाबा."

"उकळून घेतला होता चाकू."

"आणि बांधलं कशानं होतं?"

"पट्टीनं," लीलाबाई म्हणाली.

"नर्सरीच्या?"

लीलाबाईने पदर पुन्हा पुढे ओढला.

"आई, तू झाड आहेस काय?" आचल म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिचे डोळे भरले होते. "मी इथं रोज बसते. रोज. अन् तुला मला सांगावंसं वाटलं नाही."

"तुले काई म्हनू नये म्हनून नाही सांगतलं."

"मला कोण काय म्हणणार होतं?"

लीलाबाई बाकावर टेकली. तिच्या माहेरी आणि सासरी, लपवणं हाच काळजी घेण्याचा जुना मार्ग होता.

डॉक्टर निधी तिशीतली बाई. तिने पू काढला, जखम धुतली, गोळ्या लिहिल्या, आणि मग खुर्ची ओढून दोघांसमोर बसली.

"काकू, पहिली गोष्ट. ही कॅन्सरची गाठ वाटत नाही मला. काढली की तपासायला पाठवू, पण तुम्ही ते ओझं आजच खाली ठेवा."

लीलाबाईने मान हलवली. कुठे ठेवायचं ते तिला कळलं नाही, पण खांदे थोडे खाली आले.

"कान फाटून बरा होतो तेव्हा फटीच्या दोन्ही कडांवर कातडी चढते. शिवताना ती कातडी सोलून काढावी लागते, तेव्हा आतलं मांस मांसाला जुळतं. तुमच्या कानात तिचा एक बारीक कण आत राहिला. माझ्या हातून राहिला. काळजी घेतली तरी कधी राहतो, पण राहिला हे खरं. बाहेरची कातडी रोज झडते, आपल्याला कळतही नाही. आतली झडून जाणार कुठे? ती तिथेच साचते, आणि भोवती पिशवी धरते."

खुशालराव खुर्चीच्या कडेवर आले. "म्हंजे सालीखाली साल भरल्या गेली."

डॉक्टरला नर्सरीचं काम माहीत नव्हतं, पण तिने विचार केला आणि म्हणाली, "हो. तसंच."

"आन म्या आतला चीक काढला. डोळा तेथचाच तेथं."

"पिशवी तिथेच. ती अख्खी निघाली नाही तर पुन्हा भरते. आता तर पू झालाय, आता हात लावला तर फाटेल आणि तुकडे राहतील. आधी हे शांत होऊ द्या. दीड महिना. मग काढू."

"अन् भोक?" लीलाबाईने विचारलं. एवढा वेळ ती याच प्रश्नाजवळ बसून होती. "काप घालायचे होते. माय म्हातारी हाय."

डॉक्टरने पाळी बोटांत धरून उजेडाकडे वळवली. "जड काप?"

लीलाबाईने रुमालाची गाठ सोडून एक काप तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो जोखला.

"पिशवी काढताना पाळी अजून बारीक होणार. हे वजन पेलेल की नाही, ते काढल्यावरच सांगता येईल. आज हो म्हटलं तर खोटं होईल."

तो दीड महिना लीलाबाईने कसा काढला ते आळीने पाहिलं. हात कानाला लावायचा नाही, अशी डॉक्टरची सक्त ताकीद होती. हात मोकळा सोडला की तो आपोआप वर जायचा, म्हणून ती त्याला काम द्यायची. जुन्या पट्ट्या घेऊन ती खाटेच्या पायांना बांधत बसायची, बांधायची आणि सोडायची. चारही पाय पांढरे झाले. नर्सरीत खुशालराव एकटे डोळा भरत आणि एकटेच बांधत. ओळी अर्ध्या होऊ लागल्या. भगवंतरावाने दुसरी बाई देऊ केली तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या. तिचा टाइम झाला की येते ते." दुपारी लीलाबाई भाकरी घेऊन बांधापर्यंत जायची, त्यांच्या पट्ट्या पाहायची आणि म्हणायची, "हे काय बांधनं हाय? मेंढराचं पिल्लू बांधलं काय?" तेवढ्यापुरतं तिला बरं वाटे. घरी परतेपर्यंत पुन्हा तेच.

संक्रांत झाली आणि गाठ काढायचा दिवस आला. खुशालरावांनी आत उभं राहायची परवानगी मागितली. डॉक्टरने टोपी आणि मास्क देऊन त्यांना दाराशी उभं केलं. अर्ध्या तासाने तिने स्टीलच्या वाटीत काहीतरी ठेवलं आणि वाटी त्यांच्यापुढे धरली. सोललेल्या शेंगदाण्याएवढी पिशवी, फिकट, एका बाजूला माझ्या-तुमच्या कातडीसारखीच कातडी असलेली. त्यांनी वाकून ती सगळीकडून पाहिली. काडीवरून उतरवलेला डोळा फाटला नाही ना, हे ते असंच पाहत.

"अख्खी हाय?"

"अख्खी आहे, काका."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि त्यांना बाहेर बाकावर जाऊन बसावं लागलं.

आठ दिवसांनी टाके निघाले. तपासणीचा कागदही आला. साधी गाठ, वाईट काही नाही. डॉक्टरने पाळी पुन्हा बोटांत धरली. ती आता मधे चिमटीत घेतल्यासारखी बारीक होती.

"काकू, वर्षाने वरच्या अंगाला एखादी हलकी बाळी घालता येईल. काप नाही. या कानात काप पुन्हा घालू नका."

लीलाबाईने बरं म्हटलं. काप रुमालात बांधले. रुमाल ब्लाउजमध्ये ठेवला.

आचल म्हणाली, "आई, आजीला फोनवर सांगून टाक. मी सांगू काय?"

"नाही. मी जातो."

महाशिवरात्रीच्या आधी दोघं अमरावतीहून अकोल्याच्या गाडीत बसली. लीलाबाईच्या डाव्या कानात काप होता. उजवा कान पदराखाली. सगळ्या वाटेने ती आपला डाव मांडत होती. डावा गाल पुढे करायचा, आईचा हात डाव्या कापावर थोडा वेळ थांबू द्यायचा, मग पाया पडायचं. आईला दिसत नाही. एका कापावर ती दोन्ही मानून घेईल. मूर्तिजापूर येईपर्यंत हा डाव तिला पक्का वाटला. मूर्तिजापूर गेल्यावर तो तिला नकोसा झाला. हात तीनदा कानाकडे गेला. तिथे आता सरकणारं काही नव्हतं, तरी अंगठा शोधत राहिला.

"नीट बस ना," खुशालराव म्हणाले. "काय चुळबुळ लावली?"

"तुमी आत येता काय मायच्या खोलीत?"

"म्या कायले? मायाशी बोलते काय ते?"

"या," ती म्हणाली.

बार्शीटाकळीला वामनरावाच्या सिमेंटच्या घरात पुढच्या खोलीत दुर्गाबाईंची खाट आहे. लेकीचा पाय वाजला तशा त्या उठून बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. खुशालराव दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले.

लीलाबाई आईपुढे बसली. तिने मान वळवली नाही. पदर खाली केला आणि चेहरा सरळ दिला, दोन्ही हातांच्या मधोमध.

तळवे गालांवरून वर गेले. डावा काप सापडला. दुर्गाबाईंच्या तोंडावर हसू आलं. डावा हात लेकीच्या उजव्या कानाशी पोचला आणि थांबला. अंगठा पाळीवर आला, खाली गेला, शिवणीवरून परत वर आला.

"हे काय हाय?"

"टाके."

"कशाचे?"

"कान फाटला होता, मा. नर्सरीत. काट्यात काप अटकला."

"कवा?"

"आचलच्या आंधी. तीस वर्सं झाली."

अंगठा तिथेच होता. बाहेर वामनरावाच्या बायकोने गंजावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"म्हनून तू डावा गाल देत होती," दुर्गाबाई म्हणाल्या.

"हो."

"मले वाटे," त्या हळूच म्हणाल्या, "उजव्या गालावर मारते तुले तो."

लीलाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने वळून दाराकडे पाहिलं. खुशालराव खुर्चीत ताठ झाले होते. जमिनीवर आदळलेले तीस वर्षांचे कप त्यांच्या कानात एकदम वाजले असावेत.

"मारलं नाही, मामी," ते म्हणाले. "हात नाही उगारला कधी." मग त्यांना राहवलं नाही, कारण माणूस खोटं बोलणारा नव्हता. "चाकू मातर लावला एक डाव."

"कोठं?"

"याच कानाले. औंदा."

दुर्गाबाईंनी आंधळे डोळे आवाजाच्या दिशेने वळवले. लीलाबाईने घाईघाईने सगळं सांगितलं, गाठ, चीर, पट्टी, आचल, वाटीतली पिशवी. दुर्गाबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. पट्टीची गोष्ट आली तेव्हा त्यांचं पोट हलू लागलं आणि कळलं की त्या हसत आहेत.

"दोघंही सारखे," त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडे तोंड करून, "जवायाले च्या दे व. आंधी त्याले दे. हातात दे."

खुशालरावांनी कप हातात घेतला आणि तो प्यायचा कसा हे आठवत असल्यासारखे बसले.

"काप नाही घालता येत आता या कानात," लीलाबाई म्हणाली. "कधीच नाही. तुले दोन्ही पाहाचे होते."

"मंग हा एक कायले घातला? एका कानानं येते काय कोणी?" दुर्गाबाईंनी चाचपडत डाव्या कापाचा फास काढला आणि तो लेकीच्या मुठीत दिला. "दोन्ही दे आचलले. तिले सांग, काट्यात जाऊ नको." मग त्यांनी दोन्ही तळवे पुन्हा लेकीच्या गालांवर ठेवले, दोन्ही उघड्या कानांवरून फिरवले, आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाही मोडली. तीस वर्षांत उजव्या बाजूची पहिल्यांदाच.

मग उजवा हात खाली आला, पण डावा परत लेकीच्या उजव्या कानाशी गेला. लीलाबाईचा अंगठा सवयीने कानाकडे निघाला होता. तिथे आईचा अंगठा आधीच होता, शिवणीवरून मागे-पुढे जात, काहीतरी चुकलं आहे का ते पाहत.